ज्येष्ठांचा युरेल पास: २८६ युरो कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

एस.टी.ने पन्हाळ्याला जायचे म्हटले, तर आमच्या घरात दोघांनाही अर्धेच तिकीट पडते. यजमान एकोणसत्तर वर्षांचे असल्यामुळे त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि मला मार्च २०२३ पासून सर्व महिलांना मिळू लागलेल्या सवलतीमुळे. रेल्वेचे मात्र उलटे झाले आहे. पूर्वी साठीच्या पुढच्या पुरुषांना चाळीस आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या महिलांना पन्नास टक्के सवलत असे. २० मार्च २०२० पासून ती बंद झाली आणि तेव्हापासून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना आम्ही पूर्ण भाडे भरतो. त्यामुळे युरोपच्या रेल्वे पासाची माहिती वाचताना त्यात साठ वर्षांवरील प्रवाशांसाठी ‘सीनियर’ असा वेगळा दर दिसला, तेव्हा आपली सवलत निदान परक्या मुलखात तरी पदरात पडेल, असे वाटून मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद कितपत खरा ठरला, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे आणि घरखर्चाची वही लग्नापासून आजपर्यंत खंड न पडता लिहीत आले आहे, तेव्हा जे सांगणार आहे ते त्या वहीतून सांगते.

आधी हा पास काय आहे ते सांगते. युरोपबाहेर राहणाऱ्या प्रवाशांसाठी १९५९ पासून चालत आलेला हा युरेल पास आहे; युरोपात राहणाऱ्यांसाठी त्याचेच भावंड इंटररेल या नावाने मिळते. आपण भारतातून जाणाऱ्यांनी युरेलच घ्यायचा असतो. सध्या त्यातला ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. तो दोन प्रकारांनी मिळतो. एक म्हणजे सलग पंधरा दिवस, बावीस दिवस, महिना अशा मुदतीचा, ज्यात रोज हवा तितका प्रवास करता येतो. आणि दुसरा म्हणजे एका महिन्यात आपल्या पसंतीचे चार, पाच किंवा सात दिवस, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. आपल्या वयाच्या माणसांनी हा दुसरा प्रकारच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपण रोज गाडीत बसत नाही. एका गावात तीन-चार दिवस राहतो, पाय दुखले तर दुपारी झोपतो आणि मग पुढच्या गावाला जातो.

आम्ही एका महिन्यातले पाच दिवस असा दुसऱ्या वर्गाचा पास घेतला. घेतला त्या वेळी प्रौढांसाठी त्याची किंमत ३१८ युरो होती आणि ज्येष्ठांसाठी २८६ युरो. म्हणजे ज्येष्ठांची सवलत दहा टक्के. दोघांचे मिळून वाचले चौसष्ट युरो, आपले साधारण साडेसहा हजार रुपये. हे पैसे थोडे नाहीत, पण एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाची सवय झालेल्या माणसाने ‘सीनियर’ हा शब्द वाचून जी अपेक्षा धरावी, तिच्या तुलनेत ते फारच कमी आहेत. खरी बचत या दहा टक्क्यांत नसून पासाचे दिवस नेमके किती घ्यायचे आणि कोणत्या दिवशी वापरायचे, या ठरवण्यात आहे, हे मला वही घेऊन बसल्यावर कळले.

याच बाबतीत आमची आधी फसगत होता होता राहिली. शहरातल्या एका प्रवासी कंपनीत आम्ही चौकशीला गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी आमचा बेत पूर्ण ऐकूनही न घेता दोन महिन्यांतल्या दहा दिवसांचा पास सुचवला आणि दर सांगितला तो प्रौढांचा. आमची वये त्यांनी विचारली नाहीत आणि ज्येष्ठांचा वेगळा दर असतो हे सांगितलेही नाही. पुढे आम्ही स्वतः घेतलेल्या पासांच्या दीडपटीहून अधिक तो खर्च झाला असता, आणि दहापैकी पाच दिवस न वापरताच वाया गेले असते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की कुणाच्याही मार्फत पास घेताना वय आपण होऊन सांगावे आणि दिवस आपण मोजावेत.

आमचा प्रवास मे महिन्यातला, चोवीस दिवसांचा. फ्रँकफर्टला उतरून म्युनिक, तिथून साल्झबुर्ग, व्हिएन्ना, इन्सब्रुक, मग आल्प्स ओलांडून इटलीत फ्लॉरेन्स आणि शेवटी रोमहून परत. फ्लॉरेन्स या यादीत का होते, ते पुढे सांगते. कोल्हापूरच्या वाचकांनी ते कदाचित आताच ओळखले असेल. आता यातले लांबचे आणि महागडे टप्पे कोणते, ते मी निळ्या पेनने लिहिले, आणि जवळचे व स्वस्त टप्पे लाल पेनने. पासाच्या एका दिवसाला माणशी सत्तावन्न युरो पडत होते. ज्या दिवसाचे सुटे तिकीट त्याहून स्वस्त, त्या दिवशी पास वापरायचा नाही, एवढा एकच नियम मी केला आणि शेवटपर्यंत पाळला.

निळ्यात पाच दिवस आले: फ्रँकफर्ट विमानतळ ते म्युनिक, साल्झबुर्ग ते व्हिएन्ना, व्हिएन्नाहून ग्रात्सला जाऊन त्याच दिवशी परत, व्हिएन्ना ते इन्सब्रुक, आणि इन्सब्रुक ते फ्लॉरेन्स. हीच तिकिटे आयत्या वेळी खिडकीवर घेतली असती तर त्यांतले पहिलेच शंभर युरोंच्या पुढे जात होते, ग्रात्सचे जाऊन-येऊन ऐंशीच्या पुढे, आणि सगळ्यांची बेरीज पासाच्या किमतीपेक्षा बरीच वर, चारशेच्या घरात पोहोचत होती. परंतु, आणि हा परंतु फार महत्त्वाचा आहे, तीच तिकिटे तीन-चार महिने आधी बचतीच्या दरात घेतली असती, तर सगळी मिळून दोनशे युरोंच्या आत बसली असती. जर्मनीत या दराला ‘श्पारप्राइस’ म्हणतात, ऑस्ट्रियात ‘श्पारशीने’. विमानाच्या तिकिटासारखा त्यांचा कारभार असतो. जितके आधी घ्याल तितके स्वस्त, आणि ठरलेल्या गाडीशी बांधलेले. त्यातही जर्मनीत सर्वांत स्वस्त प्रकारचे तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे निव्वळ आकडे पाहिले, तर ज्येष्ठांच्या सवलतीसह घेतलेला युरेल पास हा युरोपात रेल्वेने फिरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग नाही. असे जो कुणी सांगेल, त्याने बचतीच्या दरांची चौकशी केलेली नाही, असे खुशाल समजावे.

मग आम्ही पास का घेतला? पहिले कारण व्हिसा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, हे कागदावर. प्रत्यक्षात कागदपत्रे जमवणे, तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा काढणे, भेटीची वेळ मिळणे आणि त्यासाठी कोल्हापूरहून पुण्याला जाणे या सगळ्यात दिवस कसे गेले कळले नाही, आणि पासपोर्टवर शिक्का पडून तो हातात आला तेव्हा निघायला तीन आठवडे उरले होते. व्हिसा नसताना परत न होणारी रेल्वेची तिकिटे काढणे म्हणजे बाजारात तुरी, अशातली गत. आणि व्हिसा आल्यावर काढायला जावे, तर स्वस्त तिकिटे संपलेली. युरोपातल्या माणसाला ही अडचण नसते. आपल्याला असते. पासाचा दर मात्र प्रवास जवळ आला म्हणून चढत नाही. व्हिसा हातात आल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही घरी बसून पास घेतला, आणि चार महिने आधी घेतला असता तर जे पैसे पडले असते, तेवढेच पडले.

दुसरे कारण यजमानांचा उजवा गुडघा. त्याचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

पासावर सगळे फुकट असते, असा समज करून कुणी जाऊ नये. जर्मनी आणि ऑस्ट्रियात आमचे खरोखर सोपे झाले: बहुतेक वेगवान गाड्यांतही जागा राखून ठेवण्याची सक्ती नाही, पास दाखवायचा आणि बसायचे. तरीही आम्ही ऑस्ट्रियात प्रत्येक वेळी माणशी तीन युरो भरून जागा राखली, कारण या वयात सामान ओढत डब्यामागून डबे धुंडाळण्यापेक्षा तीन युरो केव्हाही बरे. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या अतिवेगवान गाड्यांचे तसे नाही. तिथे पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे भरावेच लागतात, इटलीच्या फ्रेच्चारोस्सा गाड्यांना दहा युरोंच्या पुढे, फ्रान्सच्या टीजीव्हीला दहा ते वीस, आणि लंडन–पॅरिस जाणाऱ्या युरोस्टारला तर तीस आणि त्याहूनही अधिक. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. इटलीतली इतालो ही खासगी कंपनी या पासात येतच नाही. ज्यांचा बेत पॅरिस–नीस–बार्सिलोना–माद्रिद असा असेल, त्यांनी ही रक्कम दर दिवसाच्या खर्चात मिळवूनच पास घ्यावा की नाही हे ठरवावे. माझ्या मते अशा प्रवासात पास बहुधा अंगावर येतो.

पास आता कागदावर घ्यायची गरज नाही, फोनवरच येतो. रेल प्लॅनर नावाचे ॲप उतरवून घ्यायचे, त्यात पास भरायचा, ज्या तारखेपासून महिना सुरू करायचा ती तारीख देऊन तो चालू करायचा आणि प्रत्येक प्रवासाच्या आधी आपण ज्या गाडीत बसणार ती गाडी त्यात नोंदवायची, म्हणजे त्या दिवसाचे तिकीट तयार होऊन चौकोनी कोड दिसू लागतो. हे सांगायला सोपे आहे, परंतु सवय नसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी घाम फोडणारे आहे, हेही मी लिहून ठेवते. आम्ही कोल्हापुरात घरी बसून तीन संध्याकाळी त्याचा सराव केला होता. दोघांचे पास एकाच फोनवर ठेवता येतात, तसे ते माझ्या फोनवर होते. फ्रँकफर्ट विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्थानकावर, गाडी यायला वीस मिनिटे असताना, मी बाकावर बसून गाडी नोंदवली, दिवस चालू केला, कोड आला. तेवढ्यात लक्षात आले की हे सगळे फक्त माझ्या पासावर झाले आहे, यजमानांचा पास तसाच आहे. एका फोनवर दोन पास असले तरी नोंद दोन वेळा, प्रत्येकाची वेगळी करायची असते. गाडीत चढण्याआधी नोंद झाली नसेल तर ते विनातिकीट प्रवासासारखे धरले जाऊ शकते, म्हणून हे नीट लक्षात ठेवावे. गाडी सुटल्यावर तिकीट तपासनीस आल्या, त्यांनी हातातल्या यंत्राने आधी एक, मग दुसरा कोड टिपला आणि पासपोर्ट मागितले. पासावरचे नाव आणि क्रमांक त्यांनी बोट ठेवून ताडून पाहिला. पास घेताना पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे, वडिलांच्या अथवा पतीच्या नावासह लिहावे, हे मला आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे मुद्दाम सांगावेसे वाटते. ॲपला तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट मिळावे लागते. फोनची बॅटरी संपली तर तिकीटही संपले, म्हणून चार्जिंगची पेटी पिशवीत वर ठेवावी, औषधांच्या शेजारी.

पासाच्या दिवशी जर्मनीतल्या एस-बान या उपनगरी गाड्याही त्यात येतात. मेट्रो, ट्राम आणि बस मात्र येत नाहीत. म्युनिकच्या मुख्य स्थानकावरून मुक्कामाच्या जागेपर्यंत आम्ही एस-बानने गेलो आणि तेवढे तिकीट वाचले. रक्कम लहान, पण वहीत तिची नोंद आहे.

लाल पेनने लिहिलेल्या टप्प्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे यश म्युनिक–साल्झबुर्गचे. त्यासाठी पासाचा दिवस आम्ही मोडला नाही. बव्हेरिया राज्यात बायर्न-तिकीट नावाचे दिवसभराचे तिकीट मिळते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत माणसे घेता येतात, प्रत्येक वाढीव माणसाला थोडेच जास्त पैसे पडतात, आणि ते फक्त साध्या, प्रादेशिक गाड्यांत चालते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असले, तरी तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत ते ग्राह्य धरतात. वेगवान गाडीपेक्षा थोडाच अधिक वेळ लागतो. या तिकिटाला वयाची अट नाही आणि ज्येष्ठांच्या सवलतीशी त्याचा काही संबंध नाही. पण आम्हा दोघांचे एका दिवसात जेवढे पैसे त्याने वाचवले, तेवढे त्या दिवसापुरते ‘सीनियर’ दराने वाचवले नाहीत.

ग्रात्सला मी केवळ रेल्वेसाठी गेले, हे कबूल करते. व्हिएन्नाहून ग्रात्सच्या वाटेवर सेमरिंगचा घाट लागतो. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात बांधलेला, ग्लोग्निट्सपासून म्यूर्त्सझुश्लागपर्यंत ४१ किलोमीटरचा हा मार्ग १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपला बोरघाट १८६३ साली सुरू झाला. म्हणजे हा त्याच्या आधीचा. बत्तीस वर्षे मुलांना घाट आणि खिंडी फळ्यावर काढून दाखवल्या, पण दोन मजली दगडी कमानींच्या पुलावरून गाडी वळताना आपलेच पुढचे डबे खिडकीतून दिसतात, हे डोळ्यांनी पाहताना जे कळले ते फळ्यावर काढता आले नसते. यजमानांनी शिदोरीतले भडंग उघडले होते ते तसेच हातात राहिले. डबा जवळजवळ रिकामा होता, आणि जाताना डावी-उजवी दोन्ही बाजूंच्या खिडक्या आम्हाला मिळाल्या. पासाचा एक दिवस केवळ घाट बघण्यासाठी वापरणे कुणाला उधळपट्टी वाटेल. सुट्या तिकिटाच्या हिशेबात मात्र तो दिवस वसूल होऊन वर वीस-पंचवीस युरो उरले.

त्याच संध्याकाळी परतल्यावर गुडघा सुजला. दोष घाटाचा नव्हता, दोन दिवस राजवाड्यांच्या पायऱ्या चढल्याचा होता. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी दोन दिवस पाय वर ठेवून पडून राहायला सांगितले, आणि आमचे इन्सब्रुकला जाणे दोन दिवस पुढे गेले. बचतीच्या दरातली तिकिटे असती, तर इन्सब्रुकचे तिकीट बुडाले असते आणि त्यामागून फ्लॉरेन्सचेही, आणि आयत्या वेळी नवी काढताना वाचवलेले सगळे पैसे एका फटक्यात गेले असते. पासाच्या बाबतीत करायचे काय होते? काहीच नाही. पासाचा दिवस गाडी नोंदवून चालू केल्याशिवाय खर्ची पडत नाही. जागेच्या आरक्षणाचे सहा युरो तेवढे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी यजमान म्हणाले, “आज जमेल,” आणि मी न्याहारीच्या टेबलावर बसून गाडी नोंदवली. साठीपुढच्या प्रवाशाला पास का परवडतो, याचे माझे उत्तर हेच आहे. शरीराने ऐन वेळी नकार दिला तरी पैसे बुडत नाहीत, आणि पैसे बुडतील या धास्तीने दुखऱ्या पायावर उभे राहावे लागत नाही.

पहिल्या वर्गाचा पास सुमारे सव्वा पट महाग असतो. दुसऱ्या वर्गात आम्हाला कुठेही अवघडल्यासारखे झाले नाही. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि आपला डबा कोणत्या अक्षरापुढे थांबणार याचा नकाशा लावलेला असतो. तो आधी पाहून ठेवला तर धावपळ होत नाही. तो वरचा फरक वाचवून ते पैसे आम्ही स्थानकाजवळच्या मुक्कामावर खर्च केले, आणि सामान घेऊन चालण्याचे अंतर कमी झाले, हे पहिल्या वर्गाच्या खुर्चीपेक्षा जास्त उपयोगी पडले.

वयाच्या अटी देशोदेशी वेगळ्या आहेत, याचीही नोंद करते. जर्मनीच्या रेल्वेचा ज्येष्ठांसाठीचा बचतीचा दर पासष्टपासून पुढे लागतो, म्हणजे यजमानांना मिळाला असता, मला नाही. फ्रान्समध्ये साठीपुढे ४९ युरोंचे वर्षभराचे कार्ड मिळते आणि त्यावर टीजीव्हीच्या भाड्यात तीस टक्के सूट असते. स्पेनमध्ये साठीपुढच्यांसाठी सहा युरोंचे तार्हेता दोरादा हे वर्षभराचे कार्ड आहे. ब्रिटनमध्ये साठीनंतरच्या रेलकार्डावर एकतृतीयांश भाडे कमी होते. एकाच देशात आठ-दहा दिवस फिरणार असाल, तर युरेलपेक्षा आधी यांचा विचार करावा. स्वित्झर्लंडसाठी घरच्यांचा आग्रह होता, पण स्विस ट्रॅव्हल पासात ज्येष्ठांना सवलत नाही, आणि युंगफ्राऊच्या डोंगरी गाडीला कोणताही पास असला तरी वेगळे पैसे पडतातच. आम्ही तो देश पुढच्या खेपेसाठी ठेवला.

पाचवा दिवस सर्वांत लांबचा. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीतून थेट बोलोन्यापर्यंत जाणारी गाडी होती. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला फ्रेच्चारोस्सा बोगद्यांतून चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवते, पण पासावर तिच्या आरक्षणाचे वेगळे पैसे. साध्या गाडीने, प्रातोला बदलून, जवळजवळ दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि वेगळे काहीच द्यावे लागत नाही. इथे मी हात सैल सोडला. पाच तास बसून आलेल्या गुडघ्याला आणखी एक फलाट बदलायला लावण्यापेक्षा मी पैसे भरले. काटकसर कुठे थांबवायची हेही ठरवावे लागते.

फ्लॉरेन्सहून पिसाला आम्ही सुट्या तिकिटावर जाऊन आलो. इटलीतल्या साध्या गाड्यांचे भाडे ठरलेले असते, आधी घेतल्याने स्वस्त होत नाही, म्हणून ते त्याच दिवशी घ्यावे. कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. फ्लॉरेन्स–रोमचे तिकीट घरून निघण्यापूर्वीच बचतीच्या दरात घेतले होते. तो टप्पा शेवटचा होता आणि आधीचे दोन दिवस पुढे गेले तरी फ्लॉरेन्सच्या मुक्कामात ते सामावले जातील, अशी सोय मी ठेवली होती. रोममध्ये राहायला ट्रास्टेव्हेरे भाग निवडला, कारण तिथून विमानतळाला जाणारी साधी गाडी आठ युरोंत मिळते; मुख्य स्थानकावरून जाणाऱ्या लिओनार्दो एक्स्प्रेसला चौदा पडतात. दोघांचे बारा युरो.

आता फ्लॉरेन्सविषयी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, याच शहरात वारले. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ साली उभारलेल्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. ज्यांनी आपला नवा राजवाडा बांधला, तेच. मुक्कामाचे तीन दिवस उरले होते, पाचाचे तीन झालेले, पण या कामाला तेवढे पुरे होते. कॅशीने बागेपर्यंत ट्रामचे तिकीट १ युरो ७० सेंट, पास नाही, सवलत नाही. ट्रामपासून बागेच्या पश्चिम टोकापर्यंत चालण्याचे अंतर बरेच आहे. आम्ही दर बाकावर थांबत, दीड तास लावून गेलो. शेजारच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक ‘पोन्ते आल्’इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल, असेच म्हणतात. छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुण महाराजांचा अर्धपुतळा आहे. यजमानांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले. बाग फिरायला आलेले एक वृद्ध इटालियन जोडपे आमच्याकडे पाहत थांबले, मी त्या पुतळ्याकडे आणि मग आमच्या दोघांकडे बोट दाखवून म्हटले, “कोल्हापूर.” त्या बाईंनी तो शब्द जमेल तसा उच्चारून पाहिला.